चाकांवरचा नळ

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतका पाण्यावर जीव असलेला प्राणी माशांतसुद्धा सापडायचा नाही. मासा निदान पाण्यात असताना पाण्याचा विचार करत नसावा. मामा कोरड्यातही करत. कुणाच्या घरी गेलं की माणसं आधी यजमानांना नमस्कार करतात. मामा आधी मोरीत जाऊन नळ उघडत. धार दोन बोटांवर घेत, डोळे मिटत आणि नाडी बघणाऱ्या वैद्याच्या गांभीर्यानं निदान सांगत, "वरच्या टाकीचा वॉल्व अर्धा बंद आहे. हौ, अर्धाच." मग बाहेर येऊन नमस्कार, क्षेमकुशल वगैरे. नात्यातल्या लग्नाच्या आमंत्रणात त्यांच्यापुरती एक ओळ हातानं जास्त लिहिलेली असे : 'येताना पाने-पक्कड आणू नये.' ते आणतच. शहराच्या पाणीपुरवठ्यात त्यांनी उभी हयात पंप चालवण्यात घालवली होती, आणि जग हे मुळात एक मोठं पंपघर असून आपण गेल्या जन्मी त्यातलं काहीतरी बिघडवलं असणार, म्हणून या जन्मी दुरुस्तीला आलो, अशी त्यांची बहुधा समजूत होती.

आमचं लग्न पुण्याला झालं. बायकोचे आई-वडील ती चार वर्षांची असताना गेले. तेव्हापासून मामा-मामींनीच तिला हैदराबादेत, अंबरपेठच्या आपल्या घरी वाढवलं होतं, त्यामुळे कन्यादान मामांनी करायचं होतं. मुहूर्त जवळ आला आणि मामा नाहीसे झाले. भटजी घड्याळाकडे बघू लागले आणि माझे वडील भटजींकडे. शेवटी मामा कार्यालयाच्या गच्चीवर सापडले. सोवळ्याचा काचा मारून, टाकीत खांद्यापर्यंत हात घालून उभे होते. "फ्लोटचा गोळा फुटलाय इथं. पाहुणे जेवून उठले की हात धुवायला थेंब राहायचा नाही," असं त्यांनी बोलवायला आलेल्या माझ्या काकांना वरूनच सुनावलं. त्याच ओल्या हातांनी त्यांनी भाचीचा हात माझ्या हातात दिला. कन्यादानाच्या वेळी वरून पाण्याची धार सोडतात. मी मान खाली घालून शक्य तेवढा गंभीर बसलो होतो. तेवढ्यात कानाशी आवाज आला, "जावईबापू, धार बघा, कशी एकसारखी पडतेय." मी पाहिलं तर मामांच्या डोळ्यांतलीही एकसारखीच पडत होती.

मग देशाची दारं उघडली, असं वर्तमानपत्रांत रोज छापून येऊ लागलं आणि त्या उघड्या दारांतून मी हैदराबादेत एका नव्या खासगी कंपनीत नोकरीला आलो. हिमायतनगरात फ्लॅट घेतला. पहिल्याच आठवड्यात ऑफिसात मामांचा फोन. "जावईबापू, संप भरला का?" मी म्हणालो, "आमच्याकडे संप नाही मामा, आमची प्रायव्हेट कंपनी आहे." पलीकडून काळजीचा आवाज, "संप नाही? मग पाणी साठवता कशात?" जमिनीखालच्या टाकीला हैदराबादेत संप म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. मामांना मात्र पुण्यात इंजिनियर झालेल्या माणसाला एवढंही माहीत नाही याचं मनापासून दुःख झालं, आणि ते त्याच संध्याकाळी पाने-पक्कड घेऊन आले. आमच्या फ्लॅटमधला प्रत्येक नळ त्यांनी स्वतःच्या हातानं बसवला. बसवताना गुडघ्यावर बसून ते माझ्या बायकोशी बोलत राहिले, त्यांच्या त्या खास अंबरपेठी मराठीत, जिच्यात शाळा उर्दूतून झाल्यामुळे निम्मे शब्द दखनीतले आणि शेजार तेलुगू असल्यामुळे 'अय्यो' तिकडचा. मला ती भाषा ऐकून हसू यायचं. पुढे पुढे हसू यायचं थांबलं आणि ती आपल्या घरात कुणी ऐकेल की काय अशी धास्ती वाटू लागली. कारण तोवर माझ्या गळ्यात टाय आला होता, कमरेला पेजर आला होता आणि डोक्यात काय काय आलं होतं ते आता सांगायलाही नको वाटतं.

मामांच्या आयुष्यात एकच गोष्ट त्यांना खाली मान घालायला लावी. अख्ख्या शहराला पाणी पाजणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरी एकाआड एक दिवस पहाटे तासभर पाणी येई, आणि संप खोदण्याएवढी जागा अंगणात नव्हती. मामी पदर खोचून बादल्या, घागरी, पातेली, शेवटी ताटल्यासुद्धा भरून ठेवत. "यांच्या पंपाचं पाणी सगळीकडे पोचतं," मामी म्हणायच्या, "आमचं घर तेवढं पंपाच्या मागं आहे." बोलायच्या हसून, पण मामा तेव्हा खोलीतून उठून जात. सुटीचं म्हणाल, तर सणाच्या दिवशी लोक जास्त पाणी वापरतात म्हणून मामा सणाला कामावर, आणि उन्हाळ्यात पाणी कमी म्हणून उन्हाळ्यात कामावर. मामींचं माहेर मांजरा नदीच्या काठी, तिकडे बीदरच्या पलीकडे. तीच मांजरा पुढे वळून येते आणि तिचं पाणी हैदराबादला मिळतं. "तुमच्या माहेरचंच पाणी आणतो की रोज," एवढ्यावर मामांनी कितीतरी वर्षं मामींची माहेरपणं भागवली होती.

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी मामांनी शेजाऱ्यांच्या घरी केबलवर एक परदेशी कार्यक्रम पाहिला. त्यात एक गोरं कुटुंब मोटारीच्या मागं आपलं घर बांधून रानात हिंडत होतं. त्या घरात बिछाना होता, चूल होती, पण मामांनी पाहिला तो नळ. रानात उभ्या असलेल्या घरातली ती गोरी बाई नळ उघडते आणि पाणी येतं! मामा घरी आले ते न जेवता बसून राहिले. महिन्याभरात एका सरकारी लिलावातून त्यांनी एक खिळखिळी डिझेल जीप आणि फिरत्या दवाखान्याचा एक दोनचाकी डबा उचलून आणला. डब्याच्या दारावर अजून 'डोळे तपासून मिळतील' असं तेलुगूत लिहिलेलं होतं. गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या पुढे महिनाभर डोळे तपासायला येत राहिल्या. त्यांना मामा पाणी पाजून परत पाठवत.

बिछाना, चूल, खिडक्या हे सगळं मामांनी पंधरा दिवसांत उरकलं, जेवणातली चटणी वाढावी तसं. खरं पक्वान्न होतं पाण्याचं. टाकी कुठं ठेवायची? आधी मागं ठेवली. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. जीप निघाली तसा डबा मागून म्हशीच्या शेपटीसारखा हलू लागला आणि एका रिक्षावाल्यानं मामांना जे ऐकवलं ते मामांच्या उर्दूतही बसत नव्हतं. मग टाकी बरोबर चाकांच्या वर आली. पंपाचं तर पुराणच. पहिला पंप मोटारीची काच धुणारा. त्याची धार एवढी बारीक की पाल थुंकल्यासारखी वाटे. मग रॉकेलच्या पिंपातला हातपंप आणला. तो उत्तम चालला, पण पाणी प्यायलेल्या माणसानं काडी ओढू नये अशी परिस्थिती झाली. शेवटी जुमेरात बाजारातल्या भंगारातून, कुठल्याशा बोटीतून निघालेला एक बारा व्होल्टचा पंप त्यांना सापडला. तो जीपच्या बॅटरीवर चाले. नळ उघडला की दाब कमी होऊन पंप आपला आपण सुरू, नळ बंद केला की आपला आपण बंद. तो सापडला त्या दिवशी मामा आमच्याकडे पेढे घेऊन आले. बायकोला वाटलं, कुणाला मुलगा झाला.

पंप बसला आणि नळातून चार तांबे पाणी येऊन धार बंद पडली. पंप नुसता घुरघुरत राहिला आणि टाकीच्या कुशी आत गेल्या, उपाशी बैलासारख्या. मामांनी टाकी इतकी घट्ट बंद केली होती की मुंगी शिरायची नाही. दोन दिवस ते टाकीसमोर स्टूल टाकून बसून होते. तिसऱ्या दिवशी मामी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, तेलाच्या डब्याला आपण दोन छिद्रं पाडतो. एक तेलाला, एक वाऱ्याला. या टाकीला वारा कुठून जातो?" मामांनी मामींकडे पाहिलं. मग उठले, टाकीच्या डोक्याला छिद्र पाडून बारीक नळी बसवली आणि त्या दिवसापासून कुणीही डबा बघायला आलं की सांगत, "डिझाईन मामीचं आहे. मी आपला मजूर."

आता मी त्या रविवारावर येतो. तो टाळून हे सगळं सांगता आलं असतं तर टाळला असता.

मामा-मामी दोन दिवसांनी मांजरेच्या काठी निघायचे होते. आमच्या इमारतीला बोअरचं पाणी भरपूर, म्हणून शेवटची चाचणी करायला मामांनी डबा आमच्या अंगणात आणून लावला. मामी आणि माझी बायको डब्याच्या पडद्यांना कापड आणायला सुलतान बाजारात गेल्या. मी बाल्कनीत बसून मनातल्या मनात प्रार्थना करत होतो, की शेजारच्या बँकवाल्यांनी खाली बघू नये. मामा बनियन आणि गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या पॅंटमध्ये, डब्याखाली उताणे, नखशिखांत भिजलेले. वरून त्यांचे फक्त पाय दिसत होते.

त्याच वेळी फाटकातून आमच्या डायरेक्टरसाहेबांची पांढरी गाडी आत आली. कंपनीच्या सिंगापूरच्या कचेरीत दोन वर्षांसाठी एका माणसाला पाठवायचं होतं, आणि माझं नाव त्या यादीत होतं. साहेब दिल्लीकडचे. सपत्नीक कुठंतरी चालले होते, वाटेत सहज आले. मी चपला न घालता खाली धावलो. डबा नेमका वाटेत आडवा. साहेब गाडीतून उतरतात तोच डब्याखालचा एक सांधा सुटला आणि पाण्याचा फवारा त्यांच्या बॉनेटवर सपकन आला. मामांचा आवाज आला, "अय्यो! क्लिप निसटली!"

साहेबांनी त्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इंग्रजीत विचारलं, "हा कोण?"

"प्लंबर आहे, सर," मी म्हणालो.

विचार करून म्हणालो असतो तर निदान विचार करायला वेळ लागला असता. मला काहीच वेळ लागला नाही.

मामा सरपटत बाहेर आले. कपाळाला चिखल होता. प्लंबर हा शब्द त्यांना ओळखता आला नसता, असं म्हणायची सोय नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग साहेबांना हात जोडून म्हणाले, "हौ साब, पिलंबर हूं मैं. दो मिनट में हटा देतूं."

ते इथंच थांबतं तरी चाललं असतं. पण साहेबांना डबा आवडला. त्यांनी आत डोकावून पाहिलं, नळ उघडून पाहिला, पंप आपोआप सुरू झाला तेव्हा लहान मुलासारखे खूश झाले. मामांना कुणी पंपाविषयी विचारलं की त्यांना कशाचंच भान राहत नसे. दाब, बॅटरी, वाऱ्याची नळी, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. फक्त या वेळी 'डिझाईन मामीचं' असं म्हणाले नाहीत.

"कुणाचा आहे हा?" साहेबांनी विचारलं.

"है एक पागल बुढ्ढा, साब," मामा म्हणाले. "बीवी को लेके घूमने जाना बोलता. सब्र नहीं उसकू."

साहेब हसले. बाई हसल्या. आणि मीही हसलो.

वर आल्यावर मी चहा केला. साहेबांच्या बाई फार चांगल्या होत्या, म्हणाल्या, "त्या खालच्या माणसालाही द्या, बिचारा भिजलाय." तेवढ्यात मामाच दारात आले. त्यांची पिशवी आतल्या खोलीत राहिली होती, आणि तिथंच खुंटीला त्यांचा शर्ट. दाराबाहेर चपला काढून ते उभे राहिले. ज्या घरातला प्रत्येक नळ त्यांनी गुडघ्यावर बसून बसवला होता, त्या घराच्या उंबऱ्याबाहेरून त्यांनी मला विचारलं, "साब, मेरी थैली अंदर है. लेऊं क्या?" मी आत जाऊन पिशवी आणली. शर्ट आणला नाही. प्लंबरचा शर्ट आमच्या खुंटीला कसा, असा प्रश्न साहेबांना पडला असता! मी पिशवी दिली, स्टीलच्या पेल्यात चहा दिला. मामांनी तो जिन्यात उभ्यानं प्यायला. मामा निघाले तेव्हा साहेबांनी त्यांना दाराशी गाठून सांगितलं, आमच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, बघशील का? मामा म्हणाले, "पता देओ साब, आ जातूं." साहेबांनी कार्ड दिलं. मला वाटलं, मामांनी वेळ मारून नेली.

साहेब जायला उठेनात. मी बाल्कनीत आलो, तर फाटकाशी रिक्षा थांबली होती. मामी आणि माझी बायको कापडाचे गठ्ठे घेऊन उतरत होत्या. आता दोघी वर येणार, मामी 'अहो' म्हणणार, बायको 'मामा' म्हणणार. पण त्या दोन पावलं पुढे येतात न येतात, तोच मामा ओल्या बनियनवर धावत त्यांच्याकडे गेले. काहीतरी बोलले. हातवारे करून दोघींना जीपमध्ये बसवलं आणि डबा तसाच जोडून फाटकाबाहेर घेऊन गेले. वळताना बायकोनं एकदा वर पाहिलं. मी आत येऊन साहेबांना आणखी बिस्किटं दिली.

रात्री बायको म्हणाली, "मामा म्हणाले, साहेब महत्त्वाचं बोलतायत, मध्ये जाऊ नका. आम्हाला तलावापर्यंत फिरवून आणलं. शर्टाशिवाय." मी म्हणालो, "हो, सिंगापूरचंच बोलत होते." तिनं खुंटीवरचा शर्ट काढून त्याची घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी तो अंबरपेठला पोचवला. मी गेलो नाही.

मामा-मामी ठरल्याप्रमाणे मांजरेच्या काठी गेले, तीन आठवडे राहून आले. मामी येताना दहा वर्षांनी लहान होऊन आल्या. त्यांच्या माहेरच्या बायका म्हणे ओळीनं डब्यात येत, नळ उघडून बघत, बंद करत, आणि पुढचीला जागा देत. "टाकी दोनदा भरावी लागली यांना," मामी म्हणाल्या, "नुसती उघड-बंद करण्यात संपली." मामा कोपऱ्यात बसून हसत होते. माझ्याशी नेहमीसारखेच बोलले. नेहमीसारखेच बोलले, हेच मला सोसवेना. रागावले असते, अबोला धरला असता तर मलाही रागावता आलं असतं. मी अंबरपेठला जाणं कमी केलं. कामाचं कारण होतंच.

दोन-तीन महिन्यांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. सिंगापूरला मीच जाणार होतो. हात मिळवल्यावर ते म्हणाले, "एक गंमत सांगू? तुझा तो प्लंबर. आमच्याकडे दर पंधरा दिवसांनी येतो. पैसे घेत नाही, चहा घेतो. तुझ्याबद्दल काय बोलतो माहीत आहे? म्हणतो, त्या इमारतीत तोच एक साहेब असा आहे, की गरिबाला घरात घेतो, आपल्या कपात चहा देतो. माझी बायको म्हणते, माणूस कसा आहे हे त्याच्या प्लंबरला विचारावं."

मी खुर्चीत बसून होतो आणि मला माझ्या बुटांकडे बघवत नव्हतं. सांगून टाकावं असं तोंडापर्यंत आलं. "थँक यू, सर," असं बाहेर पडलं.

घरी येऊन बायकोला मात्र सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. चिरायची थांबली नाही. म्हणाली, "मला माहीत होतं. त्या दिवशी जिन्यातला पेला मीच उचलला. आपल्या घरी मामा जिन्यात उभं राहून चहा का पितील, एवढं मला कळतं. मामांना विचारलं, तर म्हणाले, हवेशीर होतं म्हणून तिथं प्यालो." थोड्या वेळानं म्हणाली, "मी वाट बघत होते. तुम्ही सांगाल म्हणून. बरेच दिवस लावलेत."

दुसऱ्या दिवशी मी अंबरपेठला गेलो. मामा डब्याखाली होते. थंडीत मामींना गरम पाणी मिळावं म्हणून नवी लाईन टाकणं चाललं होतं. मी जमिनीवर बसलो. समोर पुन्हा त्यांचे फक्त पाय.

"मामा," मी म्हणालो, "त्या रविवारी मी जे बोललो, त्याची मला फार लाज वाटते."

खालून पान्याचा आवाज येत होता, तो थांबला. मला वाटलं, म्हणतील, जाऊ द्या, काय त्यात. मामा तसं म्हणाले नाहीत.

"दुखलं मला," मामा म्हणाले. "हौ, दुखलं. प्लंबर म्हटल्याचं नाही. प्लंबरच आहे मी. पण पोरीला पोटच्या पोरीसारखं वाढवून तुमच्या हातात दिली. त्या घराच्या बाहेर उभा राहिलो, तेव्हा वाटलं, आता हिला भेटायला मी कोण म्हणून यायचं?" पाना पुन्हा फिरू लागला. "लाज वाटली हे बरं झालं. आता ती क्लिप पकडा. घट्ट नक्को, हल्लू."

मी क्लिप पकडली. दुपारभर पकडत होतो. निघताना म्हणालो, "मामा, मी साहेबांना खरं काय ते सांगतो." तर मामा डब्याखालून एवढ्या घाईनं बाहेर आले की डोकं आपटलं. "कायकू? बिल्कुल नक्को! त्यांच्या बाईंच्या गीझरचं काम अर्धं राहिलंय माझं. अन् वरच्या टाकीला अजून वाऱ्याची नळी नाही. तुमचा मामा आहे म्हटल्यावर मला कोण डब्याखाली शिरू देईल? सोफ्यावर बसवतील, नाश्ता देतील. परेशान करून टाकतील."

मी तेव्हा सांगायचं पुढे ढकललं. आम्ही सिंगापूरला निघालो त्या सकाळी बेगमपेठच्या विमानतळावर साहेबही भेटले. त्यांना दिल्लीचं विमान धरायचं होतं. बाई सोडायला आल्या होत्या. मामी माझ्या बायकोचे हात धरून उभ्या होत्या. मामा कुठं दिसेनात. बायको सारखी मागं वळून बघत होती, डोळे पुसत होती. मग मला ते दिसले. सामानाच्या गाड्यांच्या रांगेपलीकडे, खांबाच्या आड, इस्त्रीचा सफारी घालून उभे. साहेबांना दिसू नये म्हणून अर्धे झाकलेले. पोटच्या पोरीसारख्या भाचीला निरोप द्यायला आलेला माणूस माझं खोटं सांभाळत खांबाआड उभा होता.

मी गेलो आणि त्यांचा हात धरला. ते हात सोडवायला बघत होते. "जावईबापू, नक्को. हे पाहा, नक्को." मी त्यांना साहेबांसमोर आणलं आणि म्हणालो, "सर, हे माझ्या बायकोचे मामा. तिला यांनीच वाढवलं. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो."

साहेब एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिले. "अच्छा," एवढंच म्हणाले आणि मग घड्याळ बघितलं. बाईंनी मात्र मामांना वाकून नमस्कार केला. मामा इतके ओशाळले की त्यांना काय करावं कळेना. "बाईसाब, वो गीझर का वॉल्व हल्लू घुमाना," ते म्हणाले. मग त्यांनी भाचीला जवळ घेतलं. मी बाजूला तोंड करून उभा राहिलो. मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

सिंगापूरला आमचं घर सोळाव्या मजल्यावर होतं. नळ केव्हाही उघडला तरी पाणी. चार महिन्यांनी मामांचं पहिलं पत्र आलं. मराठी लिहायची सवय नसल्यानं अक्षरं मोठी, ओळी थोड्या. मामींचं गुडघ्याचं दुखणं बरं आहे, डब्यातून पुन्हा मांजरेला जाऊन आलो, गरम पाण्याची लाईन चांगली चालते, मामी आता थंडीतही आंघोळीला घाबरत नाहीत, असं सगळं होतं. तुम्ही संभाळून राहा, असं होतं. शेवटी कागद संपत आल्यावर कडेला आडवं लिहिलं होतं : 'तुमच्या साहेबांच्या बंगल्यातून परत बोलावणं आलं नाही. पंप बरा चालत असेल.'